दार कुठल्या बाजूला होतं?

जो सॅको (Joe Sacco) हा चित्रकथांतून पत्रकारिता करणारा माणूस. आपल्या पानांवर स्वतःला काढतो तेव्हा चष्म्याच्या काचा कोऱ्या ठेवतो. दोन पांढरी वर्तुळं, मागे डोळे नाहीत. बाकी सगळं पानावर असतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कपाळावरची एकेक आठी असते, पेल्यातल्या चहाची वाफ असते, गिलावा उडालेल्या भिंतीतल्या विटा असतात, दाराबाहेर पडलेल्या चपलांचे जोड असतात. ऐकणाऱ्याचे डोळे तेवढे नसतात. गेली अकरा-बारा वर्षं मी या माणसाची पुस्तकं वाचतो आहे आणि त्या कोऱ्या काचांपाशी दर वेळी थांबतो.

पहिलं पुस्तक घरात आलं ते मुलीमुळे. ती पुण्यात डिझाइन शिकत होती. सुट्टीत येताना एक जाडजूड काळं-पांढरं पुस्तक घेऊन आली आणि परत जाताना इथेच विसरून गेली. नाव होतं ‘पॅलेस्टाइन’. मी तेव्हा नोकरीची शेवटची काही वर्षं मोजणारा वार्ताहर. माझ्या पिढीला चित्रकथा म्हटलं की इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला टांगलेला. पुढे वय वाढलं तसा वेताळ गेला आणि दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं आली. चित्र म्हणजे विरंगुळा आणि मजकूर म्हणजे काम, अशी वाटणी डोक्यात पक्की होती. त्या पुस्तकाची पहिली तीस-चाळीस पानं मी कपाटाशी उभ्यानंच वाचली. रात्री जेवणं झाल्यावर उरलेलं संपवायचं म्हणून बसलो. संपलं नाही. सॅकोचं एक पान वाचायला आपल्याला वाटतं त्याच्या तिप्पट वेळ लागतो, हे त्या रात्री कळलं.

सॅकोचा जन्म १९६० सालचा, माल्टा या भूमध्य समुद्रातल्या लहानशा बेटावरचा. तो तान्हा असतानाच घर ऑस्ट्रेलियाला गेलं आणि बारा वर्षांचा झाला तेव्हा अमेरिकेला. १९८१ मध्ये ओरेगन विद्यापीठातून त्यानं पत्रकारितेची पदवी घेतली. त्याला बातमीदारच व्हायचं होतं, पण मनासारखं काम मिळेना. काही काळ त्यानं नोटरी लोकांच्या संघटनेच्या नियतकालिकात काढला. मग माल्टाला परतला, पर्यटकांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या, माल्टी भाषेत प्रेमकथांची एक चित्रमालिका काढली. पुन्हा अमेरिका. मग बर्लिन, तिथे रॉक बँडची पोस्टरं. हे सगळं वाचताना एका गोष्टीपाशी मी रेंगाळलो. १९८८ ते १९९२ या काळात त्याची ‘याहू’ नावाची मालिका निघत होती. तिच्या एका अंकात त्यानं आईच्या आठवणी चितारल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर इटालियन आणि जर्मन विमानं बाँब टाकत होती, तेव्हा त्याची आई लहान मुलगी होती. पॅलेस्टाइनला जाण्याआधी सॅकोनं पहिली मोठी मुलाखत घेतली ती आपल्या आईची, असं मला त्यामुळे वाटतं. युद्ध सोसलेल्या माणसासमोर कसं बसायचं हे तो घरातच शिकला असणार.

अमेरिकेत तेव्हा कॉमिक्स म्हणजे बहुतांशी महामानवांच्या रंगीत गोष्टी. एक जण लिहिणार, दुसरा पेन्सिलनं काढणार, तिसरा शाई भरणार, आणि पात्रांची मालकी कंपनीची. याच्या कडेकडेनं दुसरा एक प्रवाह वाहत होता. एकच माणूस लिहितो आणि काढतो, छपाई काळी-पांढरी, प्रती थोड्या, विषय आपलंच आयुष्य: भाड्याची खोली, तुटलेलं प्रेम, बापाशी भांडण. यालाच पर्यायी कॉमिक्स म्हणू लागले. सिएटलची फँटाग्राफिक्स ही प्रकाशनसंस्था त्यातलं एक मोठं ठिकाण, आणि सॅकोची पुस्तकं तिथूनच येऊ लागली. या प्रवाहानं त्याला दिलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘मी’. बातमीत ‘मी’ चालत नाही. आमच्याकडे तर पहिल्या ओळीच्या आधी ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढं छापलं की माणूस संपला. तो कुठे उभा होता, त्याला कुणी तिथवर नेलं, त्याच्या पोटात काही होतं की उपाशी होता, तो घाबरला होता का, हे वाचकाला कळायचं काही कारणच नाही असं आम्हाला शिकवलेलं. सॅकोनं खोलीतल्या दुःखांसाठी घडलेला तो ‘मी’ उचलला आणि निर्वासितांच्या छावणीत नेऊन उभा केला.

१९९१ सरताना आणि १९९२ लागताना, भर हिवाळ्यात, तो साधारण दोन महिने इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनी भागांत हिंडला. कुठल्या वृत्तपत्रानं पाठवलं नव्हतं. परत येऊन त्यानं जे काढलं ते १९९३ ते १९९५ या काळात नऊ अंकांत प्रसिद्ध झालं. अंक फारसे खपले नाहीत. १९९६ मध्ये अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं. पुढे २००१ मध्ये सगळं एका पुस्तकात आलं आणि त्याला प्रस्तावना पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांची होती.

या पुस्तकात बातमी म्हणावी असं फार थोडं आहे. चिखल आहे. जबालियाच्या छावणीतला गुडघ्याशी येणारा चिखल, पत्र्यांवरचा पाऊस, घरात मधोमध ठेवलेली शेगडी. आणि चहा. प्रत्येक घरात चहा, साखर घातलेला, नको म्हटलं तरी पुन्हा भरलेला. ज्यानं आपल्याकडे दुष्काळी गावात चार घरं फिरून बातमी केली आहे त्याला हा चहा बरोबर ओळखू येईल. घरात साखर मोजून असते, पण पाहुण्याच्या कपात दोन चमचे पडतातच. सॅको तो चहा पितो आणि पीत असताना त्याच्या डोक्यात काय चाललंय तेही लिहितो: ही गोष्ट चांगली आहे, ही पानावर छान उतरेल. नाब्लुसच्या इस्पितळात जखमींच्या खाटांमधून कॅमेरा घेऊन फिरणारा स्वतः त्यानं लपवलेला नाही. दुसऱ्याच्या दुःखापाशी जाताना बातमीदाराला एक भूक असते. मी ती एकतीस वर्षं अंगावर वागवली आणि एकदाही कागदावर उतरवली नाही.

आता त्याच्या रेघेबद्दल. सुरुवातीच्या अंकांत सॅकोची माणसं वेडीवाकडी आहेत: मोठाले ओठ, लांब दात, नाकपुड्या फुगलेल्या, कॅमेरा जमिनीवर ठेवून वर पाहावं तसे कोन. मजकुराच्या पट्ट्या पानभर तिरप्या उडालेल्या असतात, वाऱ्यानं कागदाचे कपटे उडावेत तशा, आणि वाचणाऱ्याला त्यांच्या मागून धावावं लागतं. आधीच्या विनोदी कामातून आलेला हा हात होता. ज्यांची गोष्ट सांगायची त्यांचे चेहरे असे काढणं बरं नाही, हे कामाच्या ओघातच त्याला जाणवलं असावं, कारण पुस्तक पुढे सरकतं तसे चेहरे निवत जातात. माणसं माणसांसारखी होतात. विद्रूप राहतो तो एकटा सॅको. त्यानं स्वतःला तेवढी सूट दिली नाही.

आणि जाळी. आडव्या, उभ्या, तिरप्या रेघांची ती जाळी हीच त्याची ओळख. रंग नाही, करड्या छटेचा पुसट हात नाही. अंधार हवा असेल तर रेघेवर रेघ टाकत जायचं, दाट होईपर्यंत. आकाशही तसंच भरायचं, स्वेटरची वीणही तशीच, रस्त्यावरचा चिखलही तसाच. घराच्या ढिगाऱ्यातला एकेक दगड त्यानं वेगळा काढलेला असतो आणि प्रत्येकाला त्याची स्वतःची सावली असते. गोधडी शिवणाऱ्या बाईचा हात मी लहानपणापासून पाहिला आहे. धाव टाक्याला घाई चालत नाही. सॅकोचं पान मला त्या जातीचं वाटतं. एका ढिगाऱ्यापाशी तो किती तास बसला असेल हे पान बघूनच समजतं, आणि मग आपल्यालाही त्यावरून भरकन पुढे जायची लाज वाटते.

या पुस्तकातलं एक प्रकरण मी कितीतरी जणांना दाखवलं आहे. घस्सान नावाच्या माणसाला कोठडीत ठेवलं आहे, डोक्यावर पिशवी घालून, हात बांधून, झोपू न देता. चौकशीत ‘मध्यम शारीरिक दबाव’ आणायला इस्रायलमध्ये १९८७ च्या एका आयोगानं मुभा दिली होती. प्रकरणाचं शीर्षक त्या शब्दांवरूनच आलं आहे. सॅको इथे काय करतो, तर चौकटी बारीक करत जातो. सुरुवातीला पानावर थोड्या, ऐसपैस. मग जास्त. मग आणखी जास्त. शेवटी एका पानावर वीसेक चौकटी, सगळ्या सारख्या आकाराच्या, काळ्या कडांच्या, आणि प्रत्येकीत तोच माणूस, तीच खुर्ची, तीच पिशवी. वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. घस्सान सुटतो तेव्हा चौकट एकदम उघडते आणि समोर एक साधा रस्ता येतो, त्यावर आपापल्या कामाला निघालेली माणसं. छळाबद्दल एकही मोठा शब्द त्या पानांत नाही. मी वर्तमानपत्रात ‘अमानुष’ हा शब्द किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. चौकटीची रुंदी कमी करून जे होतं ते त्या शब्दानं कधी झालं नाही.

पुस्तक संपत आलं असताना पावसातल्या मुलाचा प्रसंग येतो. सैनिक एका मुलाला अडवतात. स्वतः आडोशाला उभे राहतात आणि त्याला पावसात उभं करून प्रश्न विचारतात. त्याच्या डोक्यावरचं फडकंही काढायला लावतात. इतकंच. कुणी मारत नाही. मुलाच्या मनात त्या वेळी काय साठत असेल, हा सॅकोचा प्रश्न आहे, आणि उत्तर तो काढत नाही. तो पाऊस काढतो, थेंब न् थेंब.

मला या सगळ्याचं वेड का लागलं ते सांगायला हवं. सॅकोनं मुलाखतींतून सांगितलं आहे की चित्र काढायचं म्हटलं की वेगळे प्रश्न विचारावे लागतात. लिहिणाऱ्याला ‘आम्ही घराबाहेर पळालो’ हे वाक्य पुरतं. काढणाऱ्याला नाही पुरत. अंगावर काय होतं? बाकीचे कुठे उभे होते? रस्ता कच्चा होता का, झाडं होती का? सांगणारा कधी गोंधळतो, कधी चिडतो. एवढं मोठं संकट सांगतोय आणि हा झाडं विचारतोय. पण ते आठवताना तो त्या जागी परत जातो, आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगू लागतो.

‘पॅलेस्टाइन’चे अंक निघत होते त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी चोवीस वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जन करून माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घरांना आम्ही थंड म्हणून नावाजायचो तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मी दुसऱ्या दिवशी पोचलो. पाऊस लागला होता. कसल्या वासात आणि कसल्या चिखलात आम्ही हिंडलो ते मी आज लिहिणार नाही.

एका गावात, जिथे आधी आळी असावी अशा ठिकाणी, एक बाई दगडांवर बसली होती. चाळिशीची असेल. मी वही काढली. घरात किती होते? किती गेले? नावं? वयं? तिनं नावं सांगितली, वयं सांगितली. चार. मग ती दाराबद्दल काहीतरी सांगू लागली. “लेकरा, म्या कडी काढाया उठलते, तर दार...” एवढं मला पक्कं आठवतं, कारण तेवढ्यात मी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला, सरकारी मदत मिळाली का. ती थांबली. नाही म्हणाली. मी पुढच्या घराकडे गेलो. संध्याकाळी फोनवरून आकडे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते तक्त्यात छापून आले, गावाच्या नावापुढे.

दार जाम झालं होतं का? ते उघडलं आणि मागे कोणी राहिलं का? ते उघडलं म्हणूनच ती वाचली का? पाठीमागे कुणी हाक मारत होतं का? ‘पॅलेस्टाइन’ वाचता वाचता, वीस वर्षांनी, एका रात्री ते अर्धं वाक्य माझ्या कानात परत आलं. सॅको तिथे असता तर त्यानं पहिला प्रश्न दाराचाच विचारला असता, कारण त्याला ते काढायचं असतं. दार कुठल्या बाजूला होतं? आत उघडायचं की बाहेर? मला आकडा हवा होता. आकडा मी आणला.

त्यानंतर त्याचं मिळेल ते वाचत गेलो. २००० मध्ये आलेलं ‘सेफ एरिया गोराझ्दे’ मला रचनेच्या दृष्टीनं त्याचं सर्वांत पक्कं पुस्तक वाटतं. बोस्नियाच्या युद्धात संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेलं आणि तरीही साडेतीन वर्षं वेढ्यात सापडलेलं हे गाव. तिथे तो युद्ध थांबता थांबता पोचला. वर्तमान काळाच्या पानांना पांढरी कड आहे आणि युद्धाच्या आठवणींच्या पानांना काळी. पुस्तक मिटून कडेनं पाहिलं तर कुठे किती अंधार आहे ते दिसतं. पण पुस्तक वाचून मनात राहतात त्या गोराझ्देतल्या मुली. त्यांना सॅकोकडून हव्या आहेत लीव्हाइसच्या जीन्स, अस्सल, ५०१ नंबरच्या. दुसऱ्या कुणा वार्ताहरानं हे गाळून टाकलं असतं. वेढ्यात अडकलेल्या माणसाला जीन्स हवी असणं शोभत नाही असं आपल्याला वाटतं. किल्लारीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या एका पोरीनं माझ्याकडे केसांची पिन मागितली होती, तेही मी कुठे लिहिलं नाही.

सॅको एका बाजूचा आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो मी उडवून लावणार नाही. ‘पॅलेस्टाइन’मध्ये इस्रायली घरं जवळजवळ नाहीतच. तेल अवीवमधल्या दोन इस्रायली तरुणी त्याला हेच विचारतात, आमचीही बाजू पाहायला नको का, आणि तो प्रश्न त्यानं पुस्तकात ठेवला आहे. आपण कुणाचं ऐकायला गेलो होतो ते त्यानं कधी झाकलं नाही. आम्ही ‘दोन्ही बाजू’ म्हणून दोन-दोन वाक्यं छापायचो आणि तिसरी कुणीच विचारायचो नाही. त्यापेक्षा मला त्याचा मार्ग सरळ वाटतो. माझी तक्रार दुसरी आहे. कधी कधी त्याला पान मोकळं सोडवत नाही. गर्दीच्या दृश्यात इतकं काढतो, आणि त्यावर इतकं लिहितो, की डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. तरी २०१३ चं ‘द ग्रेट वॉर’ पाहिल्यावर ही तक्रार थोडी मवाळ झाली. त्यात शब्दच नाहीत. २४ फूट लांबीची घडीची एकच पट्टी, १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धातल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिला दिवस. मुलीनं आणि मी ती हॉलमध्ये जमिनीवर पसरली. देवघरापासून निघाली ती पार दारापर्यंत गेली. डाव्या टोकाला सेनापती सकाळी निवांत फिरतोय, उजव्या टोकाला खड्डे खणून प्रेतं पुरताहेत. आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत ती वाचली.

तो भारतातही आला. २०१२ च्या ‘जर्नलिझम’ या संग्रहात उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरवरची चित्रकथा आहे. विषय मुसहर या दलित समाजाच्या वस्त्यांतली भूक. शेतातल्या उंदरांच्या बिळांतून धान्याचे दाणे उकरून काढणारी माणसं त्यानं काढली आहेत. रेशनकार्ड आहे पण धान्य नाही, रोजगार हमीचं कार्ड आहे पण काम नाही. ‘रोजगार हमी’ हे आपल्या महाराष्ट्रातून देशभर गेलेलं बियाणं, १९७२ च्या दुष्काळात रुजलेलं. तिकडे त्याचं काय झालं हे एका परक्या माणसाच्या रेघांत पाहताना मी फार अस्वस्थ झालो. मस्टर, मुकादम, खोट्या सह्या यांवर मी बातम्या केलेल्या आहेत. पण कार्ड धरलेला हात कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. सॅको तो हात नखांसकट काढतो. पुढे तो मुझफ्फरनगरलाही गेला, २०१३ च्या दंगलीनंतर, आणि त्यावरचं पुस्तक २०२५ मध्ये आलं. एकाच प्रसंगाच्या दोन समाजांनी सांगितलेल्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत, आणि न जुळणं हाच तिथला विषय आहे.

न जुळणाऱ्या आठवणींशी त्याची खरी झुंज झाली ती मात्र आधीच, ‘फूटनोट्स इन गाझा’मध्ये. २००१ मध्ये एका अमेरिकन मासिकासाठी तो आणि पत्रकार ख्रिस हेजेस गाझात गेले होते. लेख छापताना १९५६ साली गाझातल्याच खान युनिसमध्ये काय झालं होतं त्याचा भाग संपादकांनी कापला. सॅकोच्या मनाला ते लागून राहिलं. तो परत गेला, २००२ च्या शेवटी आणि २००३ च्या सुरुवातीला, आणि म्हाताऱ्या माणसांना शोधू लागला. सुएझच्या युद्धात इस्रायली सैन्यानं गाझा घेतलं तेव्हाची गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आकडे आहेत: ३ नोव्हेंबरला खान युनिसमध्ये २७५ जण आणि १२ नोव्हेंबरला राफामध्ये १११ जण मारले गेले. प्रतिकार झाला म्हणून, असं इस्रायली बाजूनं सांगितलं गेलं. निर्वासितांनी ते नाकारलं. पुस्तक २००९ मध्ये आलं, चारशेहून जास्त पानांचं. मोठ्या इतिहासात या दोन दिवसांना तळटीपेइतकीही जागा नीट मिळालेली नव्हती, म्हणून ते नाव.

इथे त्याचे प्रश्न टोकाला जातात. राफामध्ये पुरुषांना घरांतून काढून शाळेकडे पळवत नेलं. फाटकाशी सैनिक दांडकी घेऊन उभे होते आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात घालत होते. सॅको एकेका म्हाताऱ्याला विचारतो: काटेरी तार कुठे होती? जीप कुठे उभी होती? मुख्तार, म्हणजे वस्तीचे मुखिया, कधी उठून उभे राहिले? कुणी एक सांगतो, कुणी दुसरं. कुणी तिथे नव्हताच असं निघतं. आठवणी जुळवून, ताडून, गाळून तो त्या दिवसाचा नकाशा उभा करतो. घरांवरून बुलडोझर फिरत आहेत आणि हा पन्नास वर्षांमागचं विचारतोय, म्हणून राफातली तरुण माणसं त्याच्यावर वैतागतात. आजचं विचार ना, म्हणतात. तेही पुस्तकात आहे.

ही पानं वाचताना मी मनात म्हणत होतो, हेच. असं विचारायला हवं होतं. दार कुठे होतं, असं.

आणि मग शेवटाकडे एक म्हातारा येतो. त्या दिवसाचं काय आठवतं विचारल्यावर तो एवढंच सांगतो: भीती. तारेचं नाही, जीपचं नाही. भीती. सॅको ते ऐकून निघतो आणि काही पावलं गेल्यावर त्याला स्वतःची शरम वाटते. किती म्हाताऱ्यांसमोर तो बसला, जे भरकटत होते, उलटसुलट सांगत होते, ज्यांना तार आठवत नव्हती. किती वेळा मनातल्या मनात त्यानं सुस्कारा टाकला, कारण त्या दिवसाबद्दल त्याला आता त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवलं. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो की मी दाराचा प्रश्न विचारला नाही, हा माझा दोष. विचारला असता तरी मी तो कशासाठी विचारला असता? बातमी चांगली व्हावी म्हणून. कडी, दार, अंधार, वाचकाला धरून ठेवणारा पहिला परिच्छेद. ती मात्र मला दार सांगत नव्हती कदाचित. तिला कुणीतरी वही खाली ठेवून थांबायला हवं होतं, ती बोलेल किंवा न बोलेल तोवर.

दोन दिवसांनी मी पुस्तक परत उघडलं. म्हाताऱ्याच्या त्या शब्दानंतर सॅको बोलायचं थांबतो. पुढच्या पानांत एकही अक्षर नाही. पट्ट्या नाहीत, फुगे नाहीत, तारखा नाहीत. दारात सैनिक येतात. हात वर होतात. रस्ता लागतो, भिंती, पुढे पळणाऱ्यांच्या पाठी. मी पानं मागे-पुढे करून चष्मा शोधला. तो नाही. सॅको या पानांत कुठेच नाही, कारण चौकट आता त्या माणसाच्या डोळ्यांतून पाहते आहे. पळतोय तो आपणच. शाळेचं फाटक जवळ येतं, दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, आणि त्यांच्यातल्या एकानं दांडकं वर उचललेलं आहे.